इनाया ज्या स्टेशनावर उतरली

खलिफा सिटी, अबुधाबी
९ नोव्हेंबर २०२५

चि. जहांआरा हिस,
अस्सलामु अलैकुम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र रुहानने आणून दिलं. गेल्या वर्षी ऑपरेशनमध्ये माझी आवाजाची पेटीच काढली, तेव्हापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही, आणि मोबाइलच्या काचेवर बोट घासत मराठी लिहायचा मला कंटाळा. तुझा मुलगा दर आठवड्याला साइटसाठी दुबईहून इकडे येतो आणि फुकटात पोस्टमनचंही काम करतो, हे बरं झालं. बंदरावर खालून क्रेनवाल्याला हाक मारणारा तुझा भाऊ आता कागदावरच बोलतो.

एप्रिलमध्ये तुम्ही तिघं जपानला निघणार, म्हणून टिप्स मागितल्यास. तर ऐक. पायात सहज निघतील असे बूट घाल, दिवसातून दहा वेळा काढावे लागतात. रस्त्यात कचऱ्याचा डबा कुठेच सापडत नाही, पर्समध्ये एक पिशवी ठेव. मोठ्या बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात परस्पर पाठवता येतात, ती सोय जरूर घे. गुडघ्यांना आराम. खाण्याचं म्हणशील तर मोठ्या शहरांत हलाल मिळतं, पण साध्या भाजीच्या सूपातही कधी डुकराची चरबी, कधी दारू असते, म्हणून मोबाइलमध्ये जपानीत लिहून ठेव आणि प्रत्येक ठिकाणी दाखव. गेल्या महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा सुनेने, कशफने, तसंच केलं. पाण्याची सोय संडासात इतकी उत्तम आहे की रुहानचे अब्बा बाहेरच यायचे नाहीत. रस्त्यातल्या मशीनमधून गरम कॉफीचा डबा पडतो, तो दोन्ही हातांत धरून बसायचं, मजा येते.

ट्रेनमध्ये कोणी बोलत नाही. मी तिथे पहिल्यांदाच चारचौघांसारखा दिसलो. माझं ते गळ्याला लावायचं यंत्र, नात इनाया ज्याला भुंगा म्हणते, ते मी खिशातच ठेवत होतो. उगाच सगळ्यांनी वळून बघायला नको.

खेड्यातल्या ट्रेनचं दार आपोआप उघडत नाही. बाहेर बटण असतं, ते दाबावं लागतं. पण गाडी सुटायच्या वेळी बटणाचा दिवा विझतो आणि मग कितीही दाबलं तरी दार उघडत नाही. हे नीट लक्षात ठेव. कितीही दाबलं तरी नाही. लहान मुलाचा हात प्लॅटफॉर्मवर एका क्षणासाठीही सोडायचा नाही. तुमच्यात लहान कोणी नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो.

आणि उत्तरेकडच्या डोंगरांत जाऊ नका. तसं काही कारण नाही, थंडी असते.

मेहुण्यांना सलाम. लोभ आहेच, तो उन्हाळ्यातही आटू देऊ नकोस.

तुझा,
हारुनभाई

*

अल मनखूल, दुबई
१५ नोव्हेंबर २०२५

ती. भाईजान यांस,
सलाम व सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रुहानच्या अब्बांना संडासाचा भाग मोठ्याने वाचून दाखवला. ते रागावले आणि मग हसले. बूट घेतले. लुलुमध्ये सेल होता.

आता माझं ऐका. तुमच्या पत्राचा पहिला भाग माझ्या भावाने लिहिलाय. दुसरा कोणी लिहिलाय ते कळत नाही. एप्रिलमध्ये कसली थंडी? आणि बटणाचं तुम्ही दोनदा लिहिलंत. तुम्ही एक गोष्ट दोनदा कधी सांगत नाही, अब्बांकडून मार खाताना पण एकदाच सांगायचात.

शुक्रवारी आम्ही जेवायला आलो होतो ना, तेव्हाच मला संशय आला. फोटो बघितले. टोकियो झालं, क्योटो झालं, हरणांना बिस्किटं देणारी इनाया झाली, मग एकदम एअरपोर्ट. मधले दिवस कुठे गेले विचारलं तर तुमचा लेक झुबेर म्हणाला, फोनची बॅटरी संपली होती. चार दिवस? तिघांच्या फोनची? कशफ पोरीला एवढी चिकटून बसली होती की वाढायला उठली तरी तिला हाताला धरून घेऊन गेली. सात वर्षांची पोर, तिला किचनमध्ये कशाला ओढायचं? आणि इनाया, जी एरवी तुमच्या मांडीवरून उतरत नाही, ती दुरून तुमच्याकडे बघत होती. रुसलेली नव्हती. घाबरलेली होती. मी चाळीस वर्षं शाळेत काढलीत, दोन्हींतला फरक मला कळतो.

आणि तुम्ही घरात तोंडाला मास्क लावून बसला होता. सर्दी झालीय असं लिहून दाखवलंत. भाईजान, ऑपरेशननंतर तुम्ही गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेता. नाकातोंडातून हवा जातच नाही. मग तोंडावरच्या मास्कने कुठली सर्दी अडते? डॉक्टरने हे तुमच्यासमोर मला समजावलं होतं. जेवलात सुद्धा तुम्ही उठून, आत जाऊन, एकटे.

काय झालं ते लिहा. आजार परत आलाय का? असेल तर मला ते रुहानकडून कळायला नको. पत्र येईपर्यंत मला घास जाणार नाही, हे धमकी म्हणून लिहीत नाही, खरंच जात नाहीये.

लोभ आहे म्हणूनच भांडते, तो असाच असू द्या.

तुमची,
जहांआरा

*

खलिफा सिटी
१९ नोव्हेंबर २०२५

चि. जहांआरा हिस,
सलाम, आशीर्वाद. वि. वि.

आजार परत आलेला नाही. रिपोर्ट चांगले आहेत, अलहमदुलिल्लाह. तू जेव.

एकदाच लिहितो, परत विचारू नकोस.

शेवटच्या आठवड्यात झुबेरने आम्हाला उत्तरेला नेलं. पानं लाल होतात ती बघायला. डोंगरात जाणारी एका डब्याची गाडी, एका छोट्या जंक्शनवर बदलायची होती. आमची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून झुबेर आणि कशफ समोरच्या दुकानात खायला काही घ्यायला गेले. मी आणि इनाया प्लॅटफॉर्मवर. त्याच प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या बाजूला दुसरी गाडी उभी होती. इनायाला ती दाराची बटणं दाबायला फार आवडायची. सगळ्या ट्रिपमध्ये बटण तीच दाबणार, असा हट्ट. मी गळ्यावरचा रुमाल नीट करत होतो. वर पाहिलं तर ती आत होती आणि दार बंद झालं होतं.

मी बटण दाबलं. दिवा विझला होता.

जहांआरा, माणूस अशा वेळी ओरडतो. मीही ओरडलो. छातीतून सगळं वर आलं आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा गेली, सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. शेजारी उभ्या असलेल्या बाईनेही मान वळवली नाही. मी काचेवर हात आपटले. इनाया आतून माझ्याकडे बघत होती. मी नुसते ओठ हलवत होतो, उतर, उतर, उतर. गाडी निघाली. मी पळालो. गळ्यातून श्वास घेत पळणाऱ्याला दम पुरत नाही, प्लॅटफॉर्मच्या टोकाला मी गुडघ्यांवर पडलो.

स्टेशनवर एक तरुण कर्मचारी होता. मी भुंगा काढून गळ्याला लावला. त्या यंत्राचा आवाज तुला माहीत आहे. बिचारा दोन पावलं मागे सरला. मग मी मोबाइलमधला इनायाचा फोटो दाखवला, रुळांकडे बोट केलं, आणि त्याला समजलं. त्याने पळत जाऊन फोन लावले. तोवर झुबेर आणि कशफ पिशव्या घेऊन हसत येत होते. त्यांना मी काहीच सांगू शकलो नाही, त्या मुलानेच मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं. कशफने पिशवी खाली ठेवली नाही, ती हातातून सुटली.

पुढच्या मोठ्या स्टेशनवर रेल्वेची माणसं तिला शोधायला गाडीत चढली. गाडीत मूल नव्हतं.

ते ऐकल्यावरची वेळ मी लिहू शकत नाही. नंतर ड्रायव्हरला आठवलं की मध्ये जंगलात एक छोटा थांबा आहे, तिथे एक म्हातारी उतरली आणि तिच्या मागोमाग एक पोरगी. त्याला वाटलं तिचीच नात. त्या थांब्यावर कर्मचारी नाही, दुकान नाही, घर नाही. आम्ही टॅक्सी केली. तिकडे अंधार लवकर पडतो, मगरिबच्या नमाजाची वेळ होत आली होती. रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाट्या, त्यांवर अस्वलाचं चित्र. कशफने टॅक्सीवाल्याला विचारलं, त्याने मोबाइलवर दाखवलं की आदल्याच दिवशी याच रस्त्यावर अस्वल दिसलं होतं, मोठं.

सापडली. सुखरूप आहे. तू तिला पाहिलंसच.

पण हॉटेलवर झुबेरने तिला विचारलं की तू का उतरलीस, गाडीत बसून राहिली असतीस तर पुढच्या स्टेशनवर लोकांनी धरून ठेवलं असतं ना. ती म्हणाली, दादा सेड उतर. दादा म्हणजे मी, तिचा आजोबा.

ऑपरेशननंतर या घरात माझे ओठ फक्त तिलाच वाचता येतात. झुबेर चुकतो, कशफ अंदाज करते. ती एक अक्षर चुकत नाही. मी म्हणालो उतर, आणि ती जंगलात उतरली. झुबेरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, खलास, झालं गेलं. त्यानंतर त्या विषयावर कोणी काही बोललेलं नाही.

म्हणून मास्क. माझे ओठ तिला दिसायला नकोत. जेवताना, जांभई देताना, झोपेत, कधी काय शब्द बनेल आणि ती काय करून बसेल, याची मला भीती वाटते. तू हसशील. मला हसू येत नाही.

दुआ कर. लोभ ठेव, जास्त प्रश्न ठेवू नकोस.

हारुनभाई

*

खलिफा सिटी
२३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय फुफीजान,
अस्सलामु अलैकुम. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. फोन केला असता, पण घरात भिंतींना कान आणि मला लगेच रडू येतं. रुहानभाईकडे देतेय. झुबेरना सांगितलेलं नाही.

अब्बांनी तुम्हाला सगळं लिहिलंय असं रुहानभाई म्हणाला, म्हणून ते परत लिहीत नाही. मी पुढचं लिहिते. परवा अब्बांनी झुबेरसमोर एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की त्यांना रत्नागिरीला परत जायचंय, कायमचं, डिसेंबरचं तिकीट काढ. तिकडच्या घरात कोण आहे फुफी? घर बंद आहे. गळ्याची नळी रोज साफ करावी लागते, एखाद्या वेळी अडकली तर ते कोणाला हाकसुद्धा मारू शकणार नाहीत. झुबेर म्हणाले, तुमची मर्जी. त्यांना दुखलंय म्हणून ते असं बोलले, पण अब्बांना ते तसंच लागलं.

मी अब्बांना दोष देत नाही. अल्लाहची शपथ. दुकानात मी चॉकलेटच्या रॅकसमोर किती वेळ उभी होते ते मलाच माहीत. पण मी पोरीचा हात सोडू शकत नाही. लिफ्टचं दार बंद होताना मी तिला छातीशी ओढून धरते. अब्बांना वाटतं मी इनायाला त्यांच्यापासून लांब ठेवते. मी तिला सगळ्यांपासूनच लांब ठेवतेय, कधी कधी शाळेपासून सुद्धा.

इनायाचं तर वेगळंच. गुरुवारी ती स्कूल बसमध्ये चढेना. ड्रायव्हर म्हणतोय यल्ला बेबी, मागे गाड्या हॉर्न मारतायत, आणि ती पायरीवर उभी राहून मला विचारतेय, मम्मा, इज दादा स्टिल अँग्री? मी विचारलं कशावरून. म्हणाली, ही डझन्ट टॉक टू मी. तिला वाटतं ती गाडीत चढली म्हणून दादांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. मास्कचं कारण तिला सांगायची माझी हिंमत नाही, आणि अब्बांना तिचं म्हणणं सांगायची पण नाही. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी त्यांना थांबवायला म्हणून गोड बोलतेय.

तुम्ही लिहा ना. ते तुमचं ऐकतात.

छोटी आहे, चुकलं असेल तर माफ करा आणि माया तेवढी ठेवा.

तुमची,
कशफ

*

अल मनखूल, दुबई
२६ नोव्हेंबर २०२५

ती. भाईजान यांस,
सलाम व सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात परत विचारू नकोस, म्हणून तुम्हाला काही विचारत नाही. इनायाला विचारायला सांगतेय.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून झाल्यावर इतकी घाबरले की रुहानला, त्या तीस वर्षांच्या बाप्याला, फोन करून कुठे आहेस विचारलं. मग परत वाचताना लक्षात आलं, त्यात एक जागा रिकामी आहे. पोर त्या थांब्यावर उतरली इथपर्यंत तुम्ही लिहिलंत. मग सापडली लिहिलंत. मधलं काय? ती तिथे किती वेळ एकटी होती, काय करत होती, कुठे होती? झुबेरने का उतरलीस एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून सगळे गप्प झालात. तुम्ही भ्यालात, झुबेर भ्याला, कशफ भ्याली, आणि त्या भीतीत तिचं पुढचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. ती सात वर्षांची आहे. तिच्याजवळ ते सगळं तसंच पडून आहे.

आणि तिला वाटतंय तुम्ही तिच्यावर रागावलाय. हे मला कोणी सांगितलं ते विचारू नका. पोर बसच्या पायरीवर उभं राहून रडतंय भाईजान, आणि तुम्ही रत्नागिरीचं तिकीट काढताय. त्या बंद घरात नळी अडकली तर कोणाला कळणार आहे? मला एकच भाऊ आहे.

जायचं असेल तर जा, मी कोण अडवणार. पण आधी तो मास्क काढा, पोरीला समोर बसवा आणि विचारा. काय सांगेल ते सांगेल. वाईट असेल तर वाईट. तुमच्यापेक्षा तिने जास्त सोसलंय, तिला सांगू तरी द्या.

तुमच्या उत्तराची वाट बघते. रागावलात तरी चालेल, लोभ मात्र मोडू नका.

जहांआरा

*

खलिफा सिटी
५ डिसेंबर २०२५

चि. जहांआरा हिस,
सलाम, आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळूनही मी आठवडाभर काही केलं नाही. धीर होत नव्हता. तू लिहिलंस वाईट तर वाईट, पण मला तेच नको होतं. ती काय सांगेल याची मी हजार चित्रं मनात काढली होती, आणि त्या प्रत्येकात ते जनावर होतं.

परवा नॅशनल डेची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. ती परत आली, दप्तर टाकलं, आणि नेहमीसारखी लांबच्या खुर्चीत जाऊन बसली. कशफ किचनमध्ये होती. मी मास्क काढला.

ती हलली नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी कधी ओठ हलवतो म्हणून. माझे ओठ सुकून चिकटले होते. मी म्हणालो, ये. ती आली. पहिलं विचारलं ते हेच, की मी अजून रागावलोय का. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, परत म्हणा. मी परत म्हणालो. मग ती माझ्या मांडीवर चढली, पण तोंड माझ्याकडे करून, म्हणजे ओठ दिसतील.

मग मी विचारलं, तू तिथे उतरल्यावर काय झालं. कशफ दारात येऊन उभी राहिली होती, हातात लाटणं तसंच.

तिने अर्धं इंग्लिशमध्ये, अर्धं आपल्या भाषेत सांगितलं. गाडीतल्या त्या म्हाताऱ्या आजीने बटण दाबलं म्हणून तिला दाबायला मिळालं नाही. आजी एका गाडीत बसून निघून गेली. ट्रेनपण गेली. खूप शांत होतं. लाकडाची एक छोटी शेड होती, त्यात बाक होता. थंडी वाजत होती. समोर रस्ता खाली उतरत जाताना दिसत होता, तिला वाटलं त्या रस्त्याने पळत गेलं की दादा भेटतील. ती निघालीही होती. मग झाडीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मोठा. फांदी मोडते तसा, थांबून थांबून. तिला खूप रडू आलं.

हे ऐकताना माझ्या गळ्यातली नळी वाजायला लागली. तिने त्यावर हात ठेवला, ती एरवी खेळताना ठेवते तसा नाही, नर्स ठेवते तसा. मी विचारलं, मग तू काय केलंस.

ती म्हणाली, परत येऊन बाकावर बसले. दोन्ही हात मांडीखाली घालून. आवाज आला तरी हलले नाही. शेडमधला दिवा लागला तरी हलले नाही. तुम्ही येईपर्यंत.

मी विचारलं, का.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फार वेड्यासारखं विचारतोय. म्हणाली, बिकॉज यू सेड, दादा. खिडकीतून. आधी उतर म्हणालात, मग बस म्हणालात. हाताने पण केलंत. आणि तिने तळहात उपडा करून खाली दाबून दाखवला.

कशफ तिथेच दाराला टेकून खाली बसली. मग उठून आली आणि इनायाला न उचलता, तिला माझ्या मांडीवर तशीच ठेवून परत पोळ्या करायला गेली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ती पोरीला सोडून खोलीतून गेली.

संध्याकाळी झुबेर आला तेव्हा कशफनेच त्याला सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तिकिटाच्या वेबसाइटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, बंद करू? मी मान हलवली. त्याने बंद केलं.

भीती गेलेली नाही. आज तिला बसपर्यंत सोडायला मी गेलो, तर दार बंद होताना गेटला धरून उभा राहिलो. तिने खिडकीतून बघितलं आणि मी तोंड उघडायला घाबरलो. शेवटी नुसता हात हलवला. तुम्ही एप्रिलमध्ये जा, उत्तरेलाही जा, मी अडवणार नाही. तिथल्या दुकानात अस्वलाला दूर ठेवायच्या घंटा मिळतात, पंचवीसेक दिरहमला, म्हणजे सहाशे रुपये. महाग आहेत, पण तिघांनी तीन घ्या.

आता एक गोष्ट, जी मी या घरात कोणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी काचेवर मी दोन्ही हात आपटत होतो. गाडी निघाली तेव्हा हात काचेवरून खाली घसरला असेल. मी बस म्हणालो होतो का, हे मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं. उतर आठवतं. पुढचं काहीच आठवत नाही, जहांआरा. पण ती म्हणते मी म्हणालो, आणि ती बसली होती.

दुआ चालू ठेव, आणि या म्हाताऱ्यावरचा लोभही.

तुझा,
हारुनभाई